पहिली-दुसरीच्या मुलांना काय येते, हे कसे ओळखावे

सहा ते आठ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत कागदावर उमटलेले उत्तर आणि त्यामागची समज या दोन गोष्टी एकच मानता येत नाहीत, आणि पहिल्या दोन-तीन इयत्तांसाठी उपक्रम व मूल्यमापन तयार करण्यातली बहुतेक अडचण या एका वस्तुस्थितीतून निघते. पाटीवर १ ते १०० अंक न चुकता ओळीने लिहिणाऱ्या मुलापुढे सतरा चिंचोके ठेवून ते मोजायला सांगितले, तर तेच मूल एखादा चिंचोका दोनदा मोजते, एखादा वगळते, आणि मोजून झाल्यावर ‘मग एकूण किती?’ असे विचारताच उत्तर न देता पुन्हा एकपासून मोजू लागते, असे अनेकदा दिसते. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोजण्याच्या क्रियेमागची तत्त्वे वेगळी करून दाखवली. प्रत्येक वस्तूला एकच संख्यानाम देणे, संख्यानामांचा क्रम कायम राखणे, आणि शेवटी उच्चारलेले संख्यानाम हे संपूर्ण समूहाची संख्या सांगते हे ओळखणे, ही त्यांतली पहिली तीन होत. ओळीने अंक लिहून घेण्यात यांपैकी फक्त क्रमाची पारख होते. बाकीच्या दोहोंविषयी पाटी काहीच सांगत नाही, आणि तरीही ‘शंभरपर्यंत अंक येतात’ असा शेरा प्रगतिपत्रकावर पडतो.

म्हणून या वयासाठी उपक्रम रचताना आरंभ साहित्यापासून किंवा खेळाच्या कल्पनेपासून न करता, मुलाने नेमके काय करून दाखवले म्हणजे त्याला समजले असे म्हणता येईल, या प्रश्नापासून करावा लागतो. शालेय परिभाषेत याला ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हणतात; एखादा भाग शिकून झाल्यावर मुलाला प्रत्यक्ष काय करता यावे, याचे ते विधान असते. हे विधान मनाशी पक्के नसेल तर उपक्रम नुसता गजबजाटाचा होतो. रंगीत कागदाची फुले कापून त्यांवर अंक चिकटवण्यात मुलांचा तास आनंदात जातो, वर्गाची भिंत सजते, भेटीला आलेले केंद्रप्रमुखही खूश होतात. पण त्या तासाअखेर कोणत्या मुलाला कोणती संख्या समजली हे शिक्षिकेला सांगता येत नाही, कारण फूल कापताना संख्येचा विचार करण्याची गरजच कोणाला पडलेली नसते. अशा उपक्रमाला हस्तकला म्हणावे, त्याची किंमत त्या नात्याने करावी, गणिताच्या तासिकेत त्याचा हिशेब धरू नये.

दोन अंकी संख्यांचे उदाहरण थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण पुढच्या इयत्तांतल्या बेरीज-वजाबाकीच्या बहुतेक चुका याच पायरीवर रुजतात. ‘दोन अंकी संख्या समजणे’ हे विधान निरीक्षणासाठी फारच मोघम आहे. त्याचे तुकडे पाडले की पाहता येण्याजोग्या गोष्टी हाती येतात: सुट्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आपणहून बांधणे, गठ्ठा न सोडता त्याला ‘दहा’ म्हणून मोजणे, गठ्ठे व सुट्या पाहून संख्या सांगणे, संख्या ऐकून तेवढे गठ्ठे व सुट्या मांडणे, आणि लिहिलेल्या संख्येतला कोणता अंक कशाबद्दल बोलतो हे दाखवणे. यांतली प्रत्येक गोष्ट निराळी आहे. एक आली म्हणजे दुसरी आली असे होत नाही.

साहित्य म्हणून आइस्क्रीमच्या चपट्या काड्या आणि रबरी कडी पुरतात. कसोटी लागते ती आकड्यांच्या निवडीत. पहिल्यांदा ३४ मांडायला सांगितले आणि लगेच ४३ विचारले, तर अंकांची अदलाबदल करणारे मूल तिथेच ओळखू येते. मग ४० विचारले की सुट्या एकही नसताना शून्य कशासाठी लिहायचे, हा प्रश्न उभा राहतो. यानंतरची मांडणी मुद्दाम उलटी करावी: सुट्या काड्या डाव्या हाताला आणि गठ्ठे उजव्या हाताला ठेवून ‘किती?’ असे विचारावे. ज्या मुलाने ‘डावीकडचे ते दशक’ एवढीच खूण लक्षात ठेवलेली असते ते इथे फसते, आणि ज्याला गठ्ठ्यातल्या दहा काड्या दिसतात ते अडत नाही. त्याहून कसाची मांडणी म्हणजे तीन गठ्ठे आणि चौदा सुट्या. काही मुले ‘तीन आणि चौदा’ म्हणून ३१४ लिहितात, काही सगळ्या काड्या एकेक मोजून ४४ वर येतात, आणि काही सुट्यांतल्या दहा उचलून चौथा गठ्ठा बांधतात व मगच उत्तर देतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाचे उत्तर एकच असते, पण समज एक पायरी वेगळी असते, आणि हा फरक हात कसे चालले हे पाहिल्याखेरीज कळण्याचा दुसरा मार्ग नाही. उपक्रम चालू असतानाच मूल्यमापन होते असे जे म्हटले जाते, त्याचा अर्थ एवढाच आहे.

जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने ज्ञान मनात साठवण्याच्या तीन रीती सांगितल्या: कृतीतून, चित्रातून आणि चिन्हांतून. काड्या, काड्यांचे फळ्यावरचे चित्र आणि ‘४४’ हे लेखन या त्याच तीन पायऱ्या होत. घाई झाली की मधली पायरी गळते, आणि काड्या हाताळणारे मूल वहीतल्या उदाहरणाशी त्यांचा काही संबंध आहे असे मानत नाही. मारिया माँटेसरी यांच्या दशमान पद्धतीच्या साधनांत एकेक सोनेरी मणी, दहा मण्यांची दांडी, शंभरांचा चौकोन आणि हजारांचा घन असतो. ही साधने देखणी खरी, पण खेड्यातल्या शाळेला परवडणारी नव्हेत. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात परिसरातल्या बिया, शंख-शिंपले, पाने, माती यांनाच साधनांचे स्थान मिळाले. महाराष्ट्रातल्या वर्गात चिंचोके आणि काड्या दिसतात, त्यामागे ही परंपराही आहे. त्यांच्याकडे गरिबीची तडजोड म्हणून पाहण्याचे कारण नाही.

अंकाचे स्थान समजले की नाही हे पाहण्याची एक साधी कृती कॉन्स्टन्स कामी या अभ्यासिकेने वापरली. मुलाकडून सोळा वस्तू मोजून घ्यायच्या, कागदावर १६ लिहायचे, सहावर बोट ठेवून ‘हा भाग कोणत्या वस्तूंबद्दल आहे ते दाखव’ म्हणायचे, आणि मग एकावर बोट ठेवून तोच प्रश्न विचारायचा. सहासाठी सहा वस्तू दाखवणारी कितीतरी मुले एकासाठी एकच वस्तू दाखवतात, उरलेल्या नऊ वस्तू कोणाच्याच वाट्याला आल्या नाहीत याचे त्यांना काही वाटत नाही. ‘१६ मध्ये दशकस्थानी कोणता अंक आहे?’ या लेखी प्रश्नाला हीच मुले अचूक ‘१’ लिहितात, त्यामुळे त्या प्रश्नावर दिलेला गुण फारसा विश्वासाचा नसतो.

मराठी माध्यमात या सगळ्याला आणखी एक पीळ आहे. ‘चोवीस’ म्हणताना आधी चार येतात आणि मग वीस, पण लिहिताना आधी २ आणि मग ४. म्हणून ऐकल्या क्रमाने ४२ लिहिणारे मूल निष्काळजी नसते, ते कानाशी प्रामाणिक असते. ‘एकोणतीस’ ऐकताच ३९ लिहिणाऱ्याचेही तसेच, कारण त्याच्या कानावर ‘तीस’ ठळकपणे पडलेले असतात. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये रूढ संख्यानामांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत देण्यात आली, तेव्हा त्यावर वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत वाद आणि विनोद दोन्ही रंगले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी, कन्नडसारख्या भाषांत संख्यानामे लेखनाच्या क्रमानेच येतात आणि लहान मुलांना त्याचा फायदा होतो, ही बाजू मांडली होती. भाषेच्या अभिमानाचा प्रश्न बाजूला ठेवला, तर मूल्यमापनाच्या दृष्टीने या वादातून घेण्याजोगी गोष्ट साधी होती: मुलाची चूक संख्या न समजल्याची आहे की संख्यानाम न उमगल्याची, हे आधी वेगळे करावे लागते. त्यासाठी तीच संख्या एकदा तोंडी सांगून आणि एकदा काड्या मांडून लिहून घ्यावी. काड्या पाहून २४ लिहिणारे आणि ऐकून ४२ लिहिणारे मूल दशक-एककात कच्चे नसते, त्याला शब्दांचा सराव हवा असतो. त्याच्याकडून पुन्हा गठ्ठे बांधून घेण्यात वेळ जातो आणि त्याचा हिरमोडही होतो.

लेखी प्रश्न लहान मुलांसाठी निरुपयोगी असतात असा याचा अर्थ घेऊ नये. प्रश्न मात्र चुकीचे उत्तर वाचता येईल असा काढलेला असावा. वजाबाकीचे एक उदाहरण घेऊ. ५२ वजा २७ या उदाहरणाचे ३५ हे चुकीचे उत्तर वर्गात सर्रास मिळते. एखादे मूल दोनातून सात जात नाहीत म्हणून उलट सातातून दोन वजा करते आणि ३५ वर पोहोचते. दुसरे मूल एक दशक बरोबर सुटे करते, बारातून सात वजा करते, पण पाच दशकांतले एक कमी झाल्याचे विसरते आणि तेही ३५ वरच येते. पहिल्याला वजाबाकी म्हणजे काय हेच नीट कळलेले नाही, दुसऱ्याची रीत बरोबर असून नोंद राहून गेली आहे, आणि वहीत दोघांपुढे सारखीच फुली पडते. आता २७ च्या जागी २८ घेतले, तर पहिले मूल ३६ लिहील, दुसरे ३४ लिहील, आणि बरोबर उत्तर २४ असेल. एककांतला फरक पाच असला की या दोन चुका एकमेकींत मिसळतात, तो बदलला की त्या वेगळ्या होतात. प्रश्नपत्रिका काढताना एवढी एक खबरदारी घेतली, तर उदाहरणांची संख्या निम्म्यावर आणूनही दुप्पट माहिती मिळते. प्रश्नसंचांत आकडे सहसा हाताला येतील तसे घातलेले असतात, ही गोष्ट मान्य करावी लागते.

भाषेच्या बाबतीत पहिला धोका पाठांतराचा असतो. पाठ्यपुस्तकातला धडा वर्गात इतक्या वेळा म्हटला जातो की मूल चित्र पाहून तो घडाघडा म्हणते, बोट मात्र भलत्याच ओळीवर असते. म्हणून वाचनाची पारख नेहमी न वाचलेल्या मजकुरावर करावी, आणि तो मजकूर शिकवून झालेल्या अक्षरांचा व चिन्हांचाच असावा. तीन वाक्ये पुरतात, जसे की ‘पावसाने ओढा भरला. सखूची शेळी पलीकडे होती. सखू काठावर बसून राहिली.’ ‘शेळी कुठे होती?’ या प्रश्नाचे उत्तर मजकुरातला शब्द उचलून देता येते. ‘सखू काठावर का बसून राहिली?’ या प्रश्नासाठी दोन वाक्यांची सांगड घालून न लिहिलेली गोष्ट ताडावी लागते, आणि समजून वाचणे सुरू झाल्याची खूण इथे मिळते. याला जोडून ‘शेळीचा रंग कोणता होता?’ असा, ज्याचे उत्तर मजकुरात नाही असा एक प्रश्न टाकावा; ‘ते लिहिलेलेच नाही’ असे म्हणणारे मूल मजकुराकडे वळून पाहते हे कळते. ‘पांढरा’ असे ठासून सांगणारे मूल चुकते असे म्हणण्यापेक्षा ते घरची शेळी आठवत आहे असे म्हणावे.

प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चार पायऱ्यांचे वाचनसाधन वापरतात, आणि ते घरोघर जाऊन एकेका मुलाकडून वाचून घेतात. वर्षारंभी वर्गाचे ढोबळ गट पाडायला हे साधन सोयीचे आहे. मूल शब्दांपाशी का अडले, काना-मात्रेमुळे की जोडाक्षरामुळे, हे मात्र ते सांगत नाही, कारण ते त्यासाठी बनवलेलेच नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असे लक्ष्य ठेवले आहे. अडखळत वाचणाऱ्याचे सगळे लक्ष अक्षरे जुळवण्यात खर्च होते आणि अर्थासाठी काही उरत नाही, या कारणाने गतीला महत्त्व आहे. पण घड्याळ लावून वाचून घेण्याची सवय लागली की ‘अर्थासह’ हा शब्द पहिल्यांदा गळतो.

घरची भाषा निराळी असलेल्या मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात भिलोरी वा पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठीतले शाब्दिक उदाहरण घातले आणि ते चुकले, तर चूक गणिताची होती की ‘उरले’ या शब्दाची, हे उत्तरपत्रिकेवरून ठरवता येत नाही. तेच उदाहरण वस्तू मांडून, खुणेने किंवा त्याच्या भाषेत विचारले की बहुधा उलगडा होतो. अशा वर्गात मराठीची आणि गणिताची तपासणी वेगवेगळी ठेवणे हे सवलत देणे नसून मोजमाप शुद्ध ठेवणे आहे.

कायदा आणि धोरणे या बाबतीत बऱ्याच अंशी शहाणपणाची आहेत. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाच्या आकलनाचे आणि ते वापरण्याच्या क्षमतेचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन अपेक्षिलेले आहे. महाराष्ट्राने त्याच वर्षी त्याची पद्धत ठरवली आणि मूल्यमापनाचे दोन भाग केले: शिकणे चालू असताना होणारे ते ‘आकारिक’ आणि सत्राच्या शेवटी होणारे ते ‘संकलित’. हा भेद मुळात मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने १९६७ मध्ये अभ्यासक्रमांच्या परीक्षणासंदर्भात मांडलेला होता. पहिली-दुसरीसाठी आकारिकाला ७० टक्के आणि संकलिताला ३० टक्के भार देण्यात आला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधने त्यात आली. वय ३ ते ८ साठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर याही पुढे जाऊन, या टप्प्यावर औपचारिक परीक्षा योग्य नाहीत, मुलांचे निरीक्षण करावे आणि त्यांनी केलेल्या कामाचे नमुने अभ्यासावेत, असे स्पष्ट म्हटले. बिघडले ते अंमलबजावणीत. निरीक्षण हे पाहण्याचे काम होते, ते लिहिण्याचे काम झाले. नोंदवहीचे रकाने भरणे सक्तीचे ठरल्यावर तयार वर्णनात्मक नोंदींचे संच हातोहात फिरू लागले, आणि ‘परिपाठात उत्साहाने भाग घेतो’, ‘गणितातील क्रिया अचूक करतो’ अशी वाक्ये एका मुलाच्या पानावरून दुसऱ्याच्या पानावर उतरू लागली. ज्या नोंदीतून उद्याच्या तासिकेत काय करायचे हे कळत नाही, ती नोंद लिहिली नाही तरी कोणाचे नुकसान होत नाही.

उपयोगी नोंद लहान असते आणि थोडी ओबडधोबड असते: ‘३ गठ्ठे १४ सुट्या: एकेक मोजून ४४; गठ्ठा बांधला नाही’ एवढेच तारखेसह लिहिलेले असते. तीस मुलांविषयी रोज असे लिहिणे कोणालाही शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे लहान गावात एका बाईंकडे दोन इयत्ता असतात हे गृहीतच धरावे लागते. अशा ठिकाणी दिवसाला पाच-सहा मुले ठरवून घ्यावीत, बाकीच्यांना जोडीने करता येईल असे काम द्यावे, त्या पाच-सहांजवळ बसून एकच कृती पाहावी आणि तेवढेच टिपावे. आठवड्यात वर्ग पुरा होतो. जोडीचे काम देतानाही एकाने मांडायचे आणि दुसऱ्याने लिहायचे अशी वाटणी केली, तर दोघांचे एकमत होते की नाही हे मुले आपापसातच पडताळतात आणि वाद झाला तरच बाईंकडे येतात. टिपणे हाती आली की गट त्यांच्यावरून पाडावेत, आणि ते तात्पुरते असावेत. ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ अशी कायमची बाके लावण्याची जुनी खोड या वयात विशेष घातक असते, कारण सात वर्षांचे मूल आपल्याविषयीचे असे मत विनातक्रार स्वीकारते.

संकलित चाचणीच्या दिवशी बहुतेक वर्गांत काड्या कपाटात जातात, जणू त्या हातात असणे म्हणजे कॉपी. वास्तविक काड्यांच्या आधाराने येते, चित्र काढून येते की नुसत्या अंकांवर येते, ही माहिती त्या चाचणीतूनच सर्वांत सोप्या रीतीने मिळू शकते. बाकाबाकावर काड्या ठेवाव्यात, हव्या त्याने त्या घ्याव्यात अशी मोकळीक द्यावी, आणि फिरताना ज्याने त्या वापरल्या त्याच्या उत्तराशेजारी पेन्सिलीने बारीक खूण करावी. गुण दोघांना सारखेच द्यावेत. ती खूण पुढच्या सत्रातल्या पहिल्या आठवड्याचे गट पाडताना वापरावी.